तीन चाकांची मधमाशी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ‘अॅपे’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. उजनीच्या जलाशयातली मासळी भिगवणच्या बाजारातून बर्फाखाली घालून निघते ती अॅपेतून. दुधाचे कॅन संकलन केंद्रावर जातात ते अॅपेतून. आठवडे बाजाराच्या दिवशी कांद्याची पोती, डाळिंबाचे क्रेट, शेळीचे करडू आणि त्यांच्या मधोमध अंग चोरून बसलेली म्हातारी माणसे, ही सर्व मंडळी एकत्र प्रवास करतात तीही अॅपेतूनच. गाडीवरील रोमन अक्षरांतले नाव वाचून शाळकरी मुलांना हसू येते, कारण इंग्रजीत त्याच तीन अक्षरांचा अर्थ वानर असा होतो. वस्तुतः हा शब्द इटालियन आहे. त्याचा उच्चार ‘आपे’ आणि अर्थ मधमाशी. सेमिनरीत ज्यांनी लॅटिनचे धडे गिरवले आहेत त्यांना ‘आपिस’ हे त्याचे मूळ लगेच ओळखू येईल. पास्काच्या रात्री मोठ्या मेणबत्तीसमोर जे स्तुतिगान गायले जाते, त्यातही या मधमाशीच्या श्रमाची आठवण केलेली आहे. घरोघरी नाश्त्याला होणाऱ्या आप्प्यांशी मात्र या शब्दाचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवलेले बरे.

इटलीतली ही मधमाशी मोरोपंतांच्या बारामतीत कशी आली, आणि येथे आल्यावर तिचे काय झाले, याचा मागोवा या लेखात घ्यावा असा आमचा विचार आहे. राजांचे व लढायांचे इतिहास आपण हौसेने वाचतो. ज्या वस्तूंवर आपल्या शेजाऱ्याचे पोट चालते त्यांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, आणि मग त्या वस्तू जणू आकाशातून पडल्या आहेत अशी आपली समजूत होऊन बसते.

‘डिझाइन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साडीचा काठ किंवा भिंतीवरील नक्षी उभी राहते. औद्योगिक संकल्पन ही त्याहून निराळी विद्या आहे. कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणारी वस्तू कोणासाठी करावयाची, तिचा पत्रा किती जाड असावा, ती किती किमतीत बसावी, वापरणाऱ्याचा हात, पाय आणि पाठ कोठे टेकावी, ती बिघडली तर उघडावी कशी, हे सारे ती जन्माला येण्यापूर्वी कागदावर ठरवणे म्हणजे संकल्पन. आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारतात फिरले आणि १९५८ साली त्यांनी एक छोटासा अहवाल सादर केला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे! तो कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसतो, भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, त्यातून पाणी कसे ओतले जाते, याचा विचार त्यांनी एखाद्या धर्मग्रंथाचे मनन करावे तशा गांभीर्याने केला. पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९६९ साली मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक संकल्पन केंद्र सुरू झाले. लोट्याचा कर्ता कोणी एक नाही. शेकडो पिढ्यांच्या तांबटांनी आणि पाणी भरणाऱ्या बायकांनी मिळून तो घडवला. अॅपेचा कर्ता मात्र इतिहासाला ठाऊक आहे.

त्यांचे नाव कोरादीनो दास्कानियो. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील पोपोली या गावी १८९१ साली जन्मलेले हे गृहस्थ मूळचे विमानविद्येचे अभियंता. त्यांचा सारा जीव हेलिकॉप्टरमध्ये गुंतलेला होता. १९३० साली रोमजवळ त्यांचे यंत्र जमिनीपासून १८ मीटर उंच उठले. त्या काळी हा विक्रम होता. पण हेलिकॉप्टरने त्यांना भाकरी दिली नाही, आणि पुढे ते पियाज्जो या कंपनीत नोकरीला लागले. पिसाजवळच्या पोंतेदेरा या गावी पियाज्जोचा विमानांचा मोठा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा पराभूत इटलीला विमाने बनवण्याची मुभा उरली नव्हती, हजारो कामगार हात बांधून बसलेले होते आणि देशातील रस्ते खड्ड्यांनी भरलेले होते. मालक एनरिको पियाज्जो यांच्यापुढे प्रश्न होता की, या लोकांना काम कशाचे द्यावे. स्वस्त आणि साधे, स्त्रीपुरुष कोणालाही चालवता येईल असे एखादे वाहन काढावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पहिला नमुना तयार झाला तो त्यांना पसंत पडला नाही. मग त्यांनी दास्कानियोंना बोलावले.

येथे गंमत अशी की दास्कानियोंना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. पंक्चर काढणे त्रासाचे, साखळीचे तेल कपड्यांना लागते, आणि घोड्यावर मांड ठोकावी तसे बसावे लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आम्हांस वाटते की, याच नावडीतून त्यांची प्रतिभा जागी झाली. मोटारसायकलचा भक्त असता तर त्याने मोटारसायकलच थोडी सुधारून ठेवली असती. दास्कानियोंनी माणसाला खुर्चीवर बसवले, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा दिली, इंजिन झाकून टाकले, गिअर हाताच्या मुठीत आणले, आणि विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले, म्हणजे ते चटकन काढता यावे. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी दाबून आकार दिलेल्या पत्र्याचेच अंग केले. तो नमुना पाहून एनरिको पियाज्जो उद्गारले की, ही तर गांधीलमाशी दिसते! इटालियनमध्ये गांधीलमाशीला ‘वेस्पा’ म्हणतात. एप्रिल १९४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. लांब झगा घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर दास्कानियोंचे विशेष आभार मानले पाहिजेत. झगा न आवरता ज्यावर बसता येते असे पहिले यांत्रिक दुचाकी वाहन आमच्या वाट्याला आले ते बहुधा हेच.

दोन वर्षांनी, १९४८ साली, त्याच गांधीलमाशीच्या मागच्या भागी एक चाक काढून दोन चाके लावली गेली आणि त्यांवर माल ठेवण्याची फळी बसवण्यात आली. ही झाली आपे. इंजिन १२५ सी.सी.चे, क्षमता साधारण २०० किलोची, आणि चालक उघड्यावर, पावसात भिजणारा. त्याला दारे असलेली केबिन मिळाली ती पुढे १९५० च्या दशकात. ट्रक घेण्याची ऐपत नसलेला इटलीतील भाजीवाला, सुतार, पाववाला, द्राक्षबागायतदार असे लोक ती घेऊ लागले. गांधीलमाशी फिरायला जाते आणि मधमाशी कामाला जाते, हा फरक नाव ठेवणाऱ्याने अचूक हेरला होता.

चाके तीनच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. घरातील तिवई पाहा. चार पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगते. तिवई कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कोठेही ठेवले तरी तिन्ही जमिनीला टेकतात. तीन चाकांच्या गाडीला एक चाक कमी, एक टायर कमी. पुढचे चाक सरळ हँडलने वळवता येत असल्याने मोटारीसारखी स्टिअरिंगची गुंतागुंतही नको. गल्लीच्या तोंडाशी ती जागच्या जागी वळते. पण तिवईच्याच रचनेत तिचा दोषही दडलेला आहे. वेगात असताना चालकाने वळणावर ब्रेक दाबला की सारा भार पुढच्या बाहेरील कोपऱ्याकडे झुकतो, आणि नेमक्या त्या कोपऱ्याखाली चाक नसते. भार जितका उंच रचलेला, तितका हा धोका मोठा. आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या वाढ्यांनी भरलेली किंवा माणसांनी गच्च भरलेली अॅपे आडवी झालेली आपण पाहतो तेव्हा चालकाला बोल लावून मोकळे होतो. त्याची चूक असेलही. पण वळणावर झुकण्याची ती खोड कागदावरच्या पहिल्या रेघेपासून गाडीच्या अंगात आहे, आणि ती असूनही गाडी स्वस्त ठेवायची हा सौदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेला आहे.

आता भारताकडे वळू. बजाज घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही संस्था १९४८ पासून इटलीतून दोन व तीन चाकी वाहने आयात करू लागली. पुण्याचे उद्योजक आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्याविषयी असे सांगितले जाते की, माणसाने माणसाला ओढण्याच्या रिक्षेवर मोरारजी देसाई यांनी केलेली टीका त्यांच्या वाचनात आली, आणि त्याच सुमारास एका नियतकालिकात पियाज्जोच्या तीन चाकी मालगाडीचे चित्रही त्यांना दिसले. मालाच्या जागी माणसे बसवली तर, ही कल्पना त्यांना सुचली. आपल्या ऑटोरिक्षाची ही जन्मकथा. आपल्या देशात मधमाशीच्या पाठीवर प्रवाशांचे आसन बसवण्याचे श्रेय अशा रीतीने महाराष्ट्राकडे जाते, आणि ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही याचे आम्हांस नवल वाटते. पुढे बजाजांनी परवाना मिळवून आकुर्डी येथे पियाज्जोच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले. तो करार १९७१ साली संपला. १९७२ पासून ‘चेतक’ या नावाने स्वदेशी स्कूटर निघू लागली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसले. मागच्या बाजूस इंजिन असलेली रिक्षा १९७७ मध्ये आली. फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीतील ‘टेम्पो’ या वाहनाच्या निर्मात्यांशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो ही कंपनी काढली होती. तिच्या तीन चाकी गाड्या खेडोपाडी गेल्या, आणि ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा मुरला की, आज कोणत्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो.

यंत्र बाहेरून आले की आपला शेतकरी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचे याहून जुने एक उदाहरण येथे सांगणे आवश्यक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस चित्रकला शिकायला गेले होते. पण रंगांधळेपणामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. १९०३ साली त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची भीती होती, आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तोवर लोखंडी नांगराची ओळख शेतकऱ्याला पटत चालली होती. पुढे तोच किर्लोस्कर नांगर आणि उसाचे चरक दख्खनभर पसरले. शेतकरी नव्या वस्तूचा शत्रू असतो असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही. वर्षाचे पीक पणाला लावून जो वस्तू घेतो तो तिची परीक्षाही तितकीच कठोर घेणार. शहरातील ग्राहक रंग पाहून घेतो आणि वर्षभरात फेकून देतो; तो सुधारक आणि हा मागासलेला, असे मानायचे काय?

याच इंदापूर तालुक्यात यंत्रघडणीची एक दुसरी मोठी परंपरा आहे, तिचा उल्लेख न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर विस्तीर्ण शेती उभी केली आणि १९३० च्या दशकात तेथे साखर कारखाना काढला. आज त्या गावाला आपण वालचंदनगर म्हणतो. साखरेची यंत्रे दुरुस्त करता करता तेथील लोक ती बनवू लागले आणि पुढे देशोदेशीच्या साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तेथून गेली. त्याच कार्यशाळांतून पुढे अणुभट्ट्यांचे अवजड भाग आणि अग्निबाणांच्या मोटारींची कवचे निघाली. २०१३ साली मंगळाकडे निघालेल्या आणि २०२३ साली चंद्राकडे निघालेल्या यानांच्या अग्निबाणांत वालचंदनगरचे पोलाद होते. उसाच्या चिपाडांपासून अंतराळापर्यंतचा हा पल्ला अभिमानास्पद आहे यात शंका नाही. मात्र त्या कवचाला हात लावण्याचा प्रसंग इंदापूरच्या सामान्य माणसावर कधी येत नाही. त्याचा रोजचा संबंध तीन चाकांशी आहे, म्हणून आम्ही पुन्हा तिकडेच वळतो.

१९९१ नंतर देशाची दारे उघडली. पियाज्जो कंपनी भारतात आधीही होती. १९८० च्या दशकात कानपूरच्या एल.एम.एल. कंपनीबरोबर ती स्कूटर काढत असे, पुढे ते संबंध तुटले. १९९८ साली तिने ग्रीव्ज कंपनीशी भागीदारी केली आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना उभारला. १९९९ मध्ये तेथून अॅपे बाहेर पडू लागली. थोड्याच वर्षांत भागीदारी संपून कारखाना पूर्णपणे पियाज्जोचा झाला. पण ही अॅपे पोंतेदेराची आपे राहिली नव्हती. तिच्यात ग्रीव्जचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले होते, कारण आपल्याकडे मालवाहतूक करणारा माणूस पेट्रोलच्या दराने धंदा करूच शकत नाही. इटलीत भाजीवाल्याची दोनशे किलोंची गरज होती. आपल्याकडे अर्धा टन माल लिहिलेल्या गाडीवर एक टन चढणार हे गृहीत धरून धुरा व पाटे करावे लागतात. हेही संकल्पनच, पण त्याचे श्रेय कोणा एका नामवंताला मिळत नाही.

बारामती-इंदापूरला ती इतक्या लवकर का मानवली याची कारणे भूगोलात आहेत. कालव्याच्या बाजूला बागायत, वरच्या बाजूला जिरायत. वस्त्या विखुरलेल्या, मळ्यांतून राहणाऱ्या. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यावर इंदापूरच्या उत्तर सीमेवर भीमेचा मोठा फुगवटा तयार झाला. जुनी गावे, रस्ते पाण्याखाली गेले आणि मासेमारीचा नवा धंदा उभा राहिला. द्राक्षे, डाळिंब, पेरू, दूध, मासळी हे सर्व नाशवंत पदार्थ. ते थोडे थोडे निघतात, रोज निघतात आणि थांबत नाहीत. ट्रक भरण्याइतका माल एका घरी नसतो, आणि एस.टी.च्या टपावर मासळी न्यायची तर वाहक खाली उतरवतो. बैलगाडी दोन तासांत जेथे पोचते तेथे अॅपे अर्ध्या तासात पोचू लागली. मुलींच्या शाळेचा आणि दवाखान्याचाही यात मोठा वाटा आहे. ज्या वस्तीवर एस.टी. दिवसातून एकदा येते तेथे तिन्हीसांजेला बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईला तालुक्याला कोणी पोचवले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला आपण वडाप म्हणतो त्या वाहतुकीत कायद्याने तीन प्रवाशांची परवानगी असलेल्या गाडीत दहा माणसे बसतात, दोघे चालकाच्या मांडीला मांडी लावून. एस.टी.च्या कर्मचाऱ्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. चांगले उतारू वडाप उचलते आणि सवलतीचे पास घेतलेले म्हातारे व विद्यार्थी एस.टी.च्या वाट्याला उरतात. डिझेलचा धूर आणि त्या एका सिलिंडरचा कानठळ्या बसवणारा आवाज हा तर वेगळाच विषय. तरीही आम्ही वडापवाल्याला गुन्हेगार म्हणावयास तयार नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो. तीन प्रवाशांच्या भाड्यात तो निघत नाही.

गाडी कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे तिची घडण पूर्ण झाली, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. बारामती, भिगवण, इंदापूर येथील गॅरेजांतून फिरून पाहावे. दूधवाल्याने कॅन आपटू नयेत म्हणून लोखंडी कड्या जोडून घेतलेल्या असतात. मासळीवाल्याने फळीला उतार देऊन मागे भोक पाडलेले असते, म्हणजे बर्फाचे पाणी रस्त्यावर सांडत जाते पण पत्रा कुजत नाही. कोणी बाजूंना जाळी चढवून कोंबड्या नेतो, कोणी ताडपत्रीखाली मंडपाचे बांबू, कोणी टपावर भोंगा लावून निवडणुकीच्या दिवसांत चार पैसे मिळवतो. हे वेल्डर आणि सुतार कोणत्याही संस्थेत शिकलेले नाहीत. पण ईम्स दांपत्याने लोट्यात जे पाहिले तेच येथे चालू आहे: वापरणारा बोलतो, करणारा ऐकतो, आणि वस्तू हळूहळू बदलते. आम्हांस या गॅरेजांचे मोल पोंतेदेराच्या आरेखन कक्षापेक्षा कमी वाटत नाही.

वापरणाऱ्याचे ऐकण्याची ही रीत एका मोठ्या कारखान्यानेही पत्करली. टाटा मोटर्सने २००५ साली पुण्याहून ‘एस’ ही चार चाकांची छोटी मालगाडी आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने आधी तीन चाकी चालवणाऱ्यांना गाठून त्यांच्या अडचणी विचारल्या होत्या. त्या प्रकल्पाच्या वृत्तांतांत एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. एका चालकाने म्हटले की, चार चाकांची गाडी असती तर गावात लग्नाचे स्थळ चांगले आले असते. वजन, वेग आणि किंमत यांच्या कोष्टकात हा रकाना कोणी घातला नव्हता. लोकांनी त्या गाडीचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले आणि मधमाशीला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला. चौथ्या चाकाने वळणावरचा तो जुना धोका कमी केला हे उघडच आहे. पण ते चाक विकले गेले ते प्रतिष्ठेच्या बळावर, हे नमूद करून ठेवावेसे वाटते.

बारामतीपासून नदी ओलांडून फलटणला गेले की आणखी एक प्रकरण भेटते, आणि ते मनाला थोडी चुटपूट लावते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेत शिकलेले अनिल राजवंशी १९८१ साली तेथे आले आणि राहिले. कंदील, चुली, मद्यार्कावर चालणाऱ्या शेगड्या यांबरोबर त्यांनी सायकलरिक्षाचाही विचार केला. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या छातीवर किती ताण पडतो येथून त्यांनी सुरुवात केली. गिअर असलेली हलकी रिक्षा, मग मोटारीचा आधार असलेली रिक्षा, आणि अखेर २००० च्या सुमारास पूर्णपणे विजेवर चालणारी ‘इलेक्शा’ त्यांच्या संस्थेने तयार केली. देशात विजेच्या रिक्षा सर्वत्र दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे उत्तर हिंदुस्थानात ई-रिक्षांचा पूर आला तेव्हा त्यांचे बहुतेक सुटे भाग चीनमधून आलेले होते. राजवंशींना २०२२ साली पद्मश्री मिळाली; फलटणची ती रिक्षा मात्र आपल्या रस्त्यांवर दिसली नाही. बारामतीला कारखाना होता, फलटणला कल्पना होती, मध्ये जेमतेम तासाभराचा रस्ता होता. दोघांची गाठ पडली असती तर, हा विचार इतिहास लिहिणाऱ्याने करू नये असे म्हणतात. पण आम्हांस तो टाळता आलेला नाही.

मधल्या काळात गांधीलमाशीही बारामतीला येऊन पोचली. एप्रिल २०१२ मध्ये वेस्पा स्कूटरच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. खड्ड्यांच्या देशात गरिबासाठी जन्मलेली ही गाडी येथे आली ती मात्र शहरी शौकिनांची गाडी म्हणून; तिची किंमत सामान्य स्कूटरहून बरीच जास्त होती. वस्तूचे नशीबही माणसासारखेच फिरते. ज्या औद्योगिक वसाहतीत ती बनते तेथेच आणखी एका इटालियन कंपनीचा, फेरेरोचा, चॉकलेटचा कारखाना आहे. बारामतीत इटलीची अशी दोन दुकाने आहेत: एक मुलांच्या खाऊचे, एक मोठ्यांच्या कष्टाचे.

डिसेंबर २०१९ मध्ये अॅपेचा विजेवर चालणारा अवतार आला. त्याची कल्पना अशी होती की, बॅटरी उतरली की केंद्रावर जाऊन ती काढून द्यावी आणि भरलेली घ्यावी. शहरात हे ठीक आहे. वस्तीवर असे केंद्र कोठून आणणार? २०२१ मध्ये गाडीतच बसवलेल्या, घरच्या विजेवर भरता येणाऱ्या बॅटरीची अॅपेही निघाली. तिला धूर नाही, तो कानठळ्या बसवणारा आवाज नाही. हँडल मात्र तेच आहे, आणि पुढचे एकटे चाकही तेच.

२०२४ च्या अखेरीस पोंतेदेरा येथील आपेचे उत्पादन थांबवण्यात आले. युरोपातील सुरक्षिततेच्या आणि धुराच्या नव्या नियमांत ती छोटी गाडी बसेना. शहात्तर वर्षे जी गाडी त्या गावाची ओळख होती ती आता तेथे बनत नाही; बारामतीत बनते. बारामतीतील अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि आय.टी.आय.मधून बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती गेली पंचवीस वर्षे पाना होता. मधमाशीचे मूळ पोळेच इकडे आल्यावर कागद व पेन्सिलही त्यांच्याकडे यायला हवी, असे आम्ही हक्काने म्हणतो. कारण वळणावर झुकणाऱ्या त्या कोपऱ्याची खोड अजून शिल्लक आहे, आणि तेथे बसणारी माणसे त्यांच्याच घरची आहेत.

आमच्या परिचयाचा एक चालक आहे. पहाटे चारला उठून दूध गोळा करतो. हा लेख लिहिताना आम्ही त्याला विचारले की, तुझी गाडी तुला नव्याने करायला सांगितली तर तू काय बदलशील. आम्हांस वाटले तो वेगाचे किंवा डिझेलचे काही बोलेल. तो म्हणाला, “फादर, आधी बसायची जागा. दिवसाला आठ तास बसतो, कंबर राहिली नाही. पाठीला टेकायला काहीतरी पाहिजे.” मग थोडा थांबून म्हणाला, “आणि पायाशी जी पोकळी आहे ना, तिथून पावसाचं पाणी येतं. तेवढं बंद करायला सांगा त्यांना.” त्यांना म्हणजे कोणाला, हे त्याने सांगितले नाही. कॅन उतरवायचे होते, तो निघून गेला.